गावाचे एकमत आणि नकाराचा हक्क

ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होणे ही महाराष्ट्रात भूषणाची गोष्ट मानली जाते. मतदान झाले की गाव दुभंगते, भावकीत वैर येते, पाच वर्षे एकमेकांच्या बांधावरून जाणे बंद होते. त्यापेक्षा देवळात बसून सर्वांनी ठरवावे, हा विचार खेड्यात नवा नाही. या विचाराची दोन सर्वांत गाजलेली उदाहरणे अहिल्यानगर जिल्ह्यात, पुणे रस्त्यावरच्या सुप्याच्या परिसरात आहेत: पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी आणि शेजारच्या नगर तालुक्यातले हिवरे बाजार. दोन्ही गावे पाण्यासाठी नावाजली गेली. त्यांचे राजकारण त्यामानाने कमी तपासले गेले. समूहाने एकमुखाने चालावे की मतभेदाला रीतसर जागा असावी, हा तिथला खरा प्रश्न आहे. गेल्या साठ वर्षांत याच प्रश्नावर आफ्रिकेतील तत्त्वज्ञांनी जो वाद घातला, तो या गावांच्या संदर्भात वाचला तर दोन्हींवर प्रकाश पडतो.

राळेगणची हकिकत सर्वपरिचित आहे, म्हणून तिचा राजकीय भागच इथे पाहायचा. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले. वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, पाण्याअभावी पडीक रान आणि गावात दारूच्या भट्ट्या, अशी तेव्हाची स्थिती होती. कामाची सुरुवात यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून झाली, आणि हे फार महत्त्वाचे आहे. गावाला एकत्र बोलावण्याचा अधिकार कोणत्या निवडून आलेल्या पदातून आला नाही. तो देवळातून आणि त्यागी माणसाच्या नैतिक वजनातून आला. अण्णांनी स्वतः कधीही निवडणूक लढवली नाही. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली ती या वजनापोटी. दलित कुटुंबांचे कर्ज फेडण्यासाठी सवर्णांनी त्यांच्या शेतात श्रमदान केले, ही गोष्टही याच काळातली. महाराष्ट्रातल्या कोणत्या पक्षाने एखाद्या गावात एवढे साधल्याचे उदाहरण सहज सापडत नाही.

मात्र याच गावात, वारंवार समज देऊनही दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून फटके मारले गेले. अण्णांनी हे लपवले नाही. जाहीर मुलाखतींत सांगितले, आणि आई आजारी मुलाला कडू औषध देते तशी ही शिक्षा असल्याचे समर्थनही केले. इथे एक पेच उभा राहतो. दारूबंदीचा निर्णय गावाचा होता. फटके खाणारा माणूसही गावाचाच होता. त्याची त्या निर्णयाला संमती होती का? ‘गावाने ठरवले’ या वाक्यातल्या ‘गाव’ या कर्त्यात तो मोजला गेला होता का?

घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू (१९३१–२०२२) यांनी आपली मांडणी या पेचाच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू केली. वसाहती गेल्यानंतर आफ्रिकेतील नव्या राष्ट्रांनी ब्रिटिश आणि फ्रेंच धर्तीची बहुपक्षीय लोकशाही उचलली. काही वर्षांतच बहुतेक ठिकाणी तिची जागा एकपक्षीय राजवटीने किंवा लष्कराने घेतली. विरेडूंचे निदान असे होते की बहुमताची लोकशाही हरणाऱ्याला प्रतिनिधी देते, पण निर्णयात वाटा देत नाही. एक्कावन्न टक्क्यांनी एकोणपन्नास टक्क्यांवर राज्य करायचे आणि एकोणपन्नास टक्क्यांनी पुढच्या निवडणुकीची वाट पाहायची. जिथे पक्ष हे जमातींवर उभे असतात तिथे तीच जमात दर वेळी हरते. तिच्या मताला नावापुरते स्थान मिळते, प्रत्यक्षात काही नाही.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय स्वतःच्या अशांती समाजातून घेतलेला होता. अशांतींच्या परंपरेत प्रत्येक कुळाचा प्रमुख एकमताने निवडला जाई, असे प्रमुख मिळून परिषद बने आणि गावचा मुख्य त्या परिषदेशी बांधलेला असे. निर्णय मतमोजणीने होत नसे. बोलणे चालू राही, ताण देत-घेत, शेवटी सर्वांना चालेल असा मार्ग निघेपर्यंत. विरेडूंचा एक बारकावा अनेकदा नजरेतून सुटतो: सर्वांचे मत सारखेच झाले पाहिजे असे ते म्हणत नाहीत. सत्य काय, चांगले काय यावर मतभेद राहू शकतात. पुढे काय करायचे यावर जुळले की पुरे. ज्याचे मत मागे पडले, तो आपला विरोध स्वखुशीने बाजूला ठेवतो, कारण त्याचे पूर्ण ऐकून घेतलेले असते आणि पुढच्या वेळी दुसरा कोणी मागे घेईल याची त्याला खात्री असते. या आधारावर त्यांनी १९९० च्या दशकात पक्षविरहित लोकशाहीची कल्पना मांडली. ‘कल्चरल युनिव्हर्सल्स अँड पर्टिक्युलर्स’ या १९९६ च्या त्यांच्या ग्रंथात ती आली आहे. दोन तोंडे आणि एकच पोट असलेली मगर हे अशांती ज्यांचा भाग आहेत त्या अकान लोकांचे जुने चिन्ह त्यांनी यासाठी वापरले: तोंडे घासासाठी भांडतात, पण घास जातो एकाच पोटात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. जयप्रकाश नारायण यांनी १९५९ मध्ये भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा जो आराखडा मांडला, त्यात पक्षांना फाटा देऊन गावापासून वर चढत जाणारी रचना होती. विनोबांच्या ग्रामदानात ग्रामसभेचे निर्णय सर्वसंमतीने व्हावेत असा आग्रह होता. घटनेत मुळात पक्षाचा उल्लेख नव्हता, हा मुद्दा अण्णा हजारे वारंवार मांडत आले. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक आजही पक्षाच्या चिन्हावर होत नाही. म्हणजे विरेडूंनी जी व्यवस्था राष्ट्रासाठी मागितली, ती गावपातळीवर कागदोपत्री इथे आहेच. प्रत्यक्षात पक्षांच्या जागी पॅनेल आले आहेत आणि प्रत्येक पॅनेलच्या मागे कोणता आमदार उभा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. चिन्ह काढून टाकल्याने पक्ष जात नाहीत, एवढे तरी या अनुभवातून दिसते.

विरेडूंना सर्वांत टोकदार उत्तर दिले ते नायजेरियाचे इमॅन्युएल चुक्वुदी एझे (१९६३–२००७) यांनी. एझेंचा पहिला प्रश्न असा: अशांतींच्या परिषदेत एकमत होत असे ते नुसत्या चर्चेच्या बळावर का? मुख्याचे आसन पवित्र होते, पूर्वजांशी जोडलेले होते; त्याच्या शब्दाला त्या श्रद्धेचे पाठबळ होते. विरेडूंनी एकमत घेतले आणि त्याला उभे करणारी श्रद्धा मात्र वगळली. ज्या समाजात ती समान श्रद्धा उरलेली नाही, तिथे एकमत कशावर उभे राहणार? दुसरा प्रश्न मगरीविषयी. सर्वांचे पोट एकच आहे हे कोणी ठरवले? जमीनदाराचे आणि शेतमजुराचे, गावातल्याचे आणि वस्तीवरच्याचे हित खोलवर एकच असते, हे गृहीत धरले तर जो वेगळे हित सांगतो तो अज्ञानी किंवा खोडसाळ ठरतो. एझेंच्या मते लोकशाहीचे काम मतभेद मिटवणे हे नसून मतभेदांसह जगण्याची रीत घालून देणे हे आहे. एकमत झाले तर उत्तम, पण ते त्या रीतीतले एक संभाव्य फळ आहे.

बेनिनचे पॉलिन हुंतोंजी (१९४२–२०२४) यांनी हाच मुद्दा आधी दुसऱ्या अंगाने काढला होता. ‘अमुक जमातीचे तत्त्वज्ञान असे आहे’ अशी विधाने करणाऱ्या अभ्यासकांवर त्यांचा आक्षेप होता की ते सगळ्या समाजाला एकच तोंड देतात, जणू त्यात कोणी कोणाशी कधी असहमत झालेच नाही. पुढे आफ्रिकेतल्या हुकूमशहांना हे चित्र सोयीचे पडले. एकच पक्ष असणे हीच आमची परंपरा, असे सांगता आले. टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे हे प्रामाणिक आणि साधे राहणारे नेते होते. त्यांनीही एकपक्षीय व्यवस्थेचे समर्थन झाडाखाली बसून एकमत होईपर्यंत बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांचा दाखला देऊन केले. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर ‘उजामा’ म्हणजे कुटुंबभावाची गावे वसवायची ठरली. आरंभी ती स्वेच्छेने व्हायची होती. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखो शेतकऱ्यांना सरकारी जोरावर हलवण्यात आले. विरेडूंनी एकपक्षीय राजवटींना एकमताचे विडंबनच म्हटले आणि आपली कल्पना त्यांच्यापासून वेगळी राखली, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

एझे आणि हुंतोंजी यांचे प्रश्न राळेगणला लावले तर काय दिसते? मुकुल शर्मा यांनी ‘ग्रीन अँड सॅफ्रन’ (२०१२) या पुस्तकात या गावाचा अभ्यास करताना नेमके हेच विचारले. गावाच्या एकोप्याचा पाया धार्मिक आहे, निवडणुका दीर्घ काळ टाळल्या गेल्या आणि दलित कुटुंबांना मिळालेल्या मदतीबरोबर शाकाहारासारख्या सवर्ण आचारांची अपेक्षाही आली, अशी त्यांची निरीक्षणे आहेत. ती सगळ्यांना मान्य नाहीत. पण मंदिरापासून सुरू झालेल्या एकमताला एझेंचा पहिला प्रश्न चपखल लागू पडतो, हे नाकारणे अवघड आहे.

खेड्याच्या एकमुखीपणाविषयी सर्वांत कठोर शब्द अर्थात या सगळ्यांच्या आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उच्चारले होते. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ग्रामराज्याच्या कल्पनेला त्यांनी विरोध केला. त्यांच्या दृष्टीने खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे ठिकाण होते, म्हणून घटनेचे एकक त्यांनी व्यक्ती हे ठरवले, गाव नाही. युगांडाचे महमूद ममदानी यांनी ‘सिटिझन अँड सब्जेक्ट’ (१९९६) मध्ये आफ्रिकेबद्दल अशाच वळणाची गोष्ट दाखवली: ज्याला जुनी ग्रामपरंपरा म्हणून गौरवले जाते, त्या मुखियांच्या सत्तेचा मोठा भाग इंग्रज-फ्रेंचांनी राज्य स्वस्तात चालवण्यासाठी पक्का केला होता. दख्खनच्या गावगाड्यातही पाटील-कुलकर्ण्यांचा शब्द हा गावाचा शब्द समजला जाई; बलुतेदारांना धान्य मिळे, चावडीवर मत मिळत नसे.

हिवरे बाजारची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि एकमताच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तीच देते. १९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पाणलोटाची कामे झाली, पण गाव टिकले ते त्यानंतरच्या नियमांमुळे. दर वर्षी पाऊस मोजायचा, भूजलाची पातळी पाहायची, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावर कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके बंद, शेतीसाठी खोल कूपनलिका बंद. भूजल ही चीजच अशी की एकाने चोरून बोअर मारला तर शेजारच्या दहा विहिरी आटतात. इथे बहुमत उपयोगाचे नाही: पन्नास जणांनी नियम पाळला आणि पाच जणांनी मोडला तरी पाणी गेलेच. जमिनीखालचे पाणी ही मगरीच्या पोटासारखी खरोखरच सामाईक गोष्ट आहे, म्हणून विरेडूंचा विचार तिथे लागू पडतो. शिवाय ताळेबंदाचे आकडे सर्वांसमोर असतात. कोणाच्या शब्दावर नव्हे तर पर्जन्यमापकावर चर्चा होते. हिवरे बाजारच्या यशात पुढाऱ्याच्या गुणांइतकाच या उघड्या आकड्यांचा वाटा आहे.

पण गावाचे नियम पाण्यावर थांबले नाहीत. लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी गावाने सक्तीची केली. राळेगणप्रमाणे इथेही नसबंदी नियमात होती. शेत आणि शरीर या दोन्हींवर गावाचा सारखाच अधिकार चालतो का? आफ्रिकी वादाची दुसरी फळी इथे कामी येते. नायजेरियाचे इफेआन्यी मेनकिटी यांनी १९८४ च्या गाजलेल्या निबंधात म्हटले की आफ्रिकी परंपरेत माणूस जन्मतःच पूर्ण व्यक्ती नसतो. समूहातली कर्तव्ये पार पाडत तो हळूहळू व्यक्ती बनतो, काही जण त्यात नापासही होतात. समूह आधी, माणूस नंतर. घानाचेच क्वामे ग्येके यांनी याला मर्यादा घातली. माणूस समूहात घडतो हे खरे, पण त्याला स्वतःची बुद्धी आहे, चुकीची परंपरा नाकारण्याची कुवत आहे. म्हणून त्याचे हक्क समूहाने बहाल केलेले नसतात आणि समूहाला ते काढूनही घेता येत नाहीत.

महाराष्ट्राच्या कायद्याने ग्येकेंची बाजू घेतली आहे. गावकी किंवा जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते तेव्हा दळण, किराणा, पाणवठा, लग्नकार्य, अंत्यविधी सारे तुटते. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा राज्याने २०१६ मध्ये संमत केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. असा स्वतंत्र आणि व्यापक कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. दारूबंदीतही हाच फरक दिसतो. राळेगणमध्ये दारू बंद झाली ती सभेने आणि धाकाने. नंतरच्या नियमांत ‘आडवी बाटली, उभी बाटली’ आली: एक चतुर्थांश मतदार किंवा महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यायचे, आणि निम्म्याहून अधिक मते बाटली आडवी करण्याच्या बाजूने पडली तर दुकान बंद. नवऱ्यासमोर आणि दुकानदारासमोर हात वर करू न शकणारी बाई पडद्याआड शिक्का मारू शकते. उघड्या सभेतले एकमत जे ऐकू शकत नाही, ते मतपेटी ऐकते.

गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव सर्वसहमतीचा वापर आणखी काटेकोरपणे करते. तिथे एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलतात आणि पुन्हा बसतात. म्हणजे प्रत्येकाच्या हाती नकार आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तिथे ग्रामसभेबरोबर अभ्यासगटाची पद्धत रुजली: निर्णय घेणारी सभा वेगळी आणि फक्त समजून घेण्यासाठी बसणारा गट वेगळा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. विरेडूंच्या आदर्शाच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी मुलखातले गाव शोधायचे तर ते नगरमध्ये नसून इथे आहे. अर्थात मेंढा हे लहान, बहुतांशी एकाच समाजाचे, जंगलावर एकत्र अवलंबून असलेले गाव आहे, आणि ही अट हलकी नाही.

ती अट नसली की काय होते ते सुप्यात पाहता येते. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरच्या या बाजारपेठेच्या गावाला औद्योगिक वसाहत लागून आहे. तिच्या विस्तारात जपानी कंपन्यांसाठी भाग राखला गेला आहे. कंत्राटी कामगार राज्याच्या आणि देशाच्या इतर भागांतून येतात, खोल्या भाड्याने घेतात, दोन-चार वर्षांत निघून जातात. गेलेल्या जमिनीचा मोबदला, कारखान्यातली भरती, पाणी आणि सांडपाणी हे इथले प्रश्न; आणि जमीनवाला, भूमिहीन, दुकानदार, भाडेकरू यांची उत्तरे वेगवेगळी असणार. कोणाला ‘गाव’ म्हणायचे इथूनच मतभेद सुरू होतो. विरेडूंनीही मान्य केले होते की अशांतींचे एकमत त्यांच्या आपसातले होते; शेजारच्या जमातींशी त्यांचे युद्धच होत असे. महाराष्ट्रातली अधिकाधिक गावे राळेगणऐवजी सुप्यासारखी होत चालली आहेत, आणि एकमताच्या गौरवगाथा मात्र अजून राळेगणच्याच सांगितल्या जातात.

दरम्यान सरकार आणि पुढारी एकमताला बक्षीस लावू लागले. गुजरातने २००१ मध्ये बिनविरोध गावांसाठी ‘समरस’ योजना आणली. महाराष्ट्राने २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांपूर्वी पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी बिनविरोध करणाऱ्या गावांना २५ लाख रुपयांचा विकासनिधी जाहीर केला. हेतू चांगला धरला तरी बक्षिसाने एकमताचा अर्थ बदलतो: उमेदवारी मागे न घेणारा माणूस आता गावाचे २५ लाख बुडवणारा ठरतो. बिनविरोध निवडणुकीत मतपत्रिकाच नसल्याने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही मतदाराच्या हाती येत नाही. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पदांचा जाहीर लिलाव झाला. बोलीची रक्कम देवळासाठी वापरायची होती, उमराण्यात ती दोन कोटींच्या वर गेली. गावाची त्याला संमती होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या.

एकमत खरे की लादलेले, हे ओळखण्याची एक खूण या सगळ्या वादातून हाती लागते: नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गावात काय भोगावे लागते? मेंढ्यात सभा पुढे ढकलली जाते. वाळीत टाकणाऱ्या गावात दळण बंद होते. विरेडूंची स्वखुशीने मागे घेतलेली असहमती पहिल्या गावात शक्य आहे, दुसऱ्यात नाही. राळेगण आणि हिवरे बाजार ही गावे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात, पाण्याच्या बाबतीत पहिल्याजवळ आणि आचाराच्या बाबतीत दुसऱ्याकडे झुकलेले.

१५ जानेवारी २०२१ रोजी दोन्ही गावांत मतदान झाले. राळेगणमध्ये बिनविरोधसाठी झालेल्या हालचाली अपुऱ्या पडल्या आणि अण्णा हजाऱ्यांनी रांगेतून जाऊन मत दिले. हिवरे बाजारमध्ये तीस वर्षांनी प्रथमच मतदान घ्यावे लागले. पोपटराव पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या, आणि गावात त्यांना विरोध करणारे किती आहेत हेही त्या निवडणुकीत पहिल्यांदा मोजले गेले.